चिखल अडवणारी फळी

काही शब्दांचे जन्मदाखले मोठे गमतीचे असतात. ‘डॅशबोर्ड’ हा त्यांतलाच एक. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभी राहते ती मोटारीच्या पुढच्या काचेखालची गुळगुळीत बैठक; तिच्यातले काटे, दिवे, कळा आणि अलीकडे पडदेसुद्धा. पण हा शब्द इंग्रजी भाषेत रूढ झाला तेव्हा मोटार जन्मालाच आली नव्हती. काळ एकोणिसाव्या शतकाचा, वाहन घोडागाडीचे. रस्ता ओला असला आणि घोडा दौडू लागला, की त्याच्या टापांनी उडालेला चिखल थेट गाडीवानाच्या अंगावर येई. तो अडवण्यासाठी त्याच्या पायांपुढे लाकडाची फळी किंवा चामड्याचा आडोसा उभा करीत. ‘डॅश’ म्हणजे चिखलपाण्याचा फटकारा, आणि तो झेलणारी ती डॅशबोर्ड. सरळ मराठीत सांगायचे तर चिखलफळी!

घोडा गेला, पण फळी राहिली. १९०१ साली अमेरिकेत रॅन्सम ओल्ड्स याने जी छोटी मोटार बाजारात आणली तिचे इंजिन बैठकीखाली होते. समोर ना घोडा, ना त्याच्या टापा. तरीही पुढे बर्फावरच्या घसरगाडीसारखी डौलदार वळण घेतलेली फळी होतीच, आणि त्या फळीवरूनच लोक त्या मोटारीला ‘कर्व्ह्ड डॅश’ म्हणजे ‘वळणदार फळीवाली’ म्हणत. पुढे इंजिन समोर आले, फळी इंजिन आणि माणसे यांच्यामधली भिंत झाली, आणि त्या भिंतीवर वेग, तेल, पाणी यांची खबर देणारी घड्याळे चढली.

माणसाचा स्वभावच असा, की समोर मोकळी फळी दिसली म्हणजे तिच्यावर काहीतरी मांडल्यावाचून त्याला चैन पडत नाही. कुणी राखदाणी बसवली, कुणी रेडिओ बसवला. आपल्याकडे तर या फळीचे देव्हाऱ्यातच रूपांतर झाले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने मिरवणारी काळीपिवळी टॅक्सी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या फळीवरची तसबीर, प्लॅस्टिकची फुले आणि उदबत्तीचा वास वेगळा सांगायला नको. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. पण तिच्या अखेरच्या वर्षांत मी तिच्यातून हिंडलो तेव्हा तसबिरीशेजारी आणखी एक मूर्ती स्थापन झालेली दिसे. काळी, चपटी, उजळ तोंडाची. वाट विचारायची ती तिला; तसबिरीपुढे फक्त हात जोडायचे.

ती मूर्ती म्हणजे अर्थात मोबाइल फोन. आज घरोघरच्या मोटारींत तिच्यासाठी खास आसन बसवून घेतात आणि तारेवाचून तिला वीज पाजण्याचीही सोय करतात. वरवर पाहता ही दुकानात पंधरा मिनिटांत उरकणारी क्षुल्लक बाब. तिच्यामागे मात्र शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली मौज अशी, की फोनचा आणि मोटारीचा संसार अगदी जुना आहे. मध्यंतरी फोन घर सोडून गेला होता, इतकेच.

या संसाराची पहिली कथा स्वीडनमधली. लार्स मॅग्नस एरिक्सन हे टेलिफोनच्या धंद्यातले मोठे नाव. निवृत्तीनंतर ते शेतीत रमले. १९१० च्या सुमारास त्यांच्याकडे मोटार आली आणि तिच्यात त्यांनी टेलिफोन बसवला. बिनतारी नव्हे, चांगला तारेचा! ते आणि त्यांची पत्नी हिल्डा फिरायला निघत. वाटेत टेलिफोनचे खांब दिसले की गाडी थांबवायची, लांब काठ्यांच्या टोकाचे आकडे वरच्या तारांना अडकवायचे, आणि बोलायचे. म्हणजे मोटारीतला पहिला फोन गाडी उभी असतानाच चालत असे. ही अडचण वाटेल. पण पुढचा इतिहास पाहिला म्हणजे ती केवढी सुरक्षित सोय होती हे ध्यानात येते.

गाडी चालत असताना बोलण्याची सोय झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात बेल कंपनीने मोटारीतल्या टेलिफोनची सेवा सुरू केली. त्या यंत्राचे वजन ऐंशी पौंड, म्हणजे जवळजवळ छत्तीस किलो! सामान मागच्या डिकीत, आणि हातात धरायचा भाग तेवढा चालकाजवळ. एका वेळी साऱ्या शहरात मोजकीच माणसे बोलू शकत, म्हणून आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागे. असा फोन खिशात घालण्याची कल्पना कुणी मांडली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. त्याला मोटारच हवी होती, कारण त्याला वाहायला चाके आणि पाजायला मोटारीची बॅटरी लागे.

सत्तावीस वर्षांनी फोनने हे घर सोडले. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी हातात मावणाऱ्या फोनवरून पहिला कॉल केला, आणि तोही प्रतिस्पर्धी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जोएल एंगेल यांना! कूपर यांचा मुद्दा साधा होता. आपण फोन करतो तो माणसाला. मग नंबर घराला, टेबलाला किंवा मोटारीला का? तो माणसाला हवा. सुमारे किलोभर वजनाचे ते ठोकळ्यासारखे यंत्र अर्धा तास बोलले की थकून जाई आणि पुन्हा भरायला दहा तास घेई. आपल्या देशात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले.

म्हणजे पाहा, मोटारीला बांधलेला फोन सोडवून माणसाच्या हाती देण्यासाठी मोठमोठ्या बुद्धिमंतांनी कित्येक वर्षे खर्ची घातली. आणि आज आपण पदरचे पैसे मोजून तोच फोन पुन्हा मोटारीला बांधून घेत आहोत!

असे का व्हावे? कारण मधल्या काळात फोनचा धंदा बदलला. तो निरोप्या होता, त्याचा वाटाड्या झाला. उपग्रहांवरून आपले ठिकाण कळण्याची विद्या अमेरिकन लष्कराची. सामान्य माणसांना मिळणारा संदेश ते मुद्दाम अंधूक करून देत, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटरने चुके. वाड्यात जायचे तर माणूस नदीत उभा दिसायचा! मे २००० च्या प्रारंभी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेने तो अंधूकपणा काढून टाकला गेला. २००९ पासून गूगलने वळणावळणाला बोलून वाट दाखवणारा नकाशा फोनवर फुकट दिला, आणि पानाच्या टपरीपाशी गाडी थांबवून, “काय हो, देवळाकडं जायचं कुठनं?” असे विचारण्याची आपली जुनी रीत हळूहळू मागे पडली. वाटाड्याला मांडीवर घेऊन बसता येत नाही. तो समोर हवा. म्हणून त्याला आसन आले.

हे आसन का हवे, याचा धडा मला एका भाड्याच्या गाडीत मिळाला. कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरताना चालकाचा फोन त्याच्या मांडीवर, आणि त्याला वीज पुरवणारी काळी तार गिअरच्या दांड्यावरून आलेली. एका वळणावर त्याने गिअर बदलला, तार दांड्यात अडकली, फोन घरंगळला आणि पायांमध्ये ब्रेकपाशी जाऊन पडला. तो उचलायला तो गृहस्थ वाकला! समोरून उसाच्या मोळीसारखा फुगलेला एक ट्रक वर चढत होता. मी ओरडलो, त्याने मान वर केली, गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली. कुणाला काही झाले नाही. चालकाने खाली उतरून एक तांब्याभर पाणी पिऊन टाकले आणि बराच वेळ तो दरीकडे पाहत उभा राहिला. त्या साऱ्या प्रसंगात दोषी कोण, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. फोन तर होताच. पण निम्मा दोष त्या हातभर तारेचा होता.

त्या तारेचे दुसरे टोक जिथे खुपसलेले असते तिचाही एक इतिहास आहे. मोटारीत वीज घेण्याचे जे गोल भोक असते, ते मुळात विजेसाठी केलेलेच नव्हते. ते होते सिगारेट पेटवणाऱ्यांसाठी. वाऱ्यात काडी पेटत नाही, म्हणून १९२० च्या दशकात मोटारीत विजेने तापणारे पेटवण बसू लागले. नंतरच्या पेटवणात दांडी आत दाबायची, तार लाल झाली की ती आपोआप बाहेर उडी मारी. पुढे पेटवण मागे पडले, पण भोक राहिले. आणि जगभरातल्या मोटारींत त्याचा आकार जवळपास सारखाच असल्यामुळे हवा भरायच्या पंपापासून फोनपर्यंत सगळ्यांनी तिथे तोंड लावले. विडी ओढणाऱ्यांनी विडी न ओढणाऱ्यांवर केलेला उपकार म्हणून याची नोंद व्हायला हरकत नाही.

आता तार काढून टाकायची कशी? त्याचे उत्तर मोटारीहूनही जुने आहे. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीचा उमेदवार असलेल्या मायकेल फॅरेडे याने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक प्रयोग केला. सुमारे सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेटोळे, दुसऱ्या बाजूला दुसरे. मध्ये सुती कापड, म्हणजे एकाची वीज दुसऱ्यात शिरायला वाट नाही. पहिल्या वेटोळ्यात वीज सोडली त्या क्षणी दुसऱ्याला जोडलेली सुई हलली आणि परत जागेवर आली. वीज बंद केली, सुई पुन्हा हलली. वीज संथ वाहत असताना मात्र सुई ढिम्म! फॅरेडेच्या ध्यानात आले की महत्त्व विजेला नाही, तिच्या बदलाला आहे. पहिल्या वेटोळ्यातली वीज बदलत राहिली तर शेजारच्या वेटोळ्यात, स्पर्श न होता, वीज उपजते. आजचा वायरलेस चार्जर म्हणजे फॅरेडेचे तेच कडे. एक वेटोळे तबकडीत, दुसरे फोनच्या पाठीत, आणि पहिल्यातली वीज सेकंदाला लाखाहून अधिक वेळा उलटसुलट होणारी.

विजेला तारेतून मोकळे करण्याचे याहून भव्य स्वप्न निकोला टेस्ला याने पाहिले. १८९१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्याने तारेवाचून काचेच्या नळ्या उजळून दाखवल्या. साऱ्या जगाला तारेवाचून वीज वाटावी म्हणून १९०१ पासून लाँग आयलंडवर त्याने मनोरा उभारायला घेतला. पण धनको जे. पी. मॉर्गन यांनी हात आखडता घेतला आणि १९१७ साली तो मनोरा पाडला गेला. टेस्लाला समुद्र ओलांडायचा होता. आपल्या चार्जरने ओलांडले ते बोटाच्या पेराहूनही कमी अंतर. पण ते ओलांडले, हे खरे.

मधल्या काळात ही विद्या न्हाणीघरातल्या विजेच्या दातब्रशांत शिरली, कारण ओल्या जागी उघडी तार नको. १९९६ साली जनरल मोटर्सने काढलेली ‘ईव्ही १’ ही विजेची मोटार तर याच तत्त्वावर भरली जाई. प्लॅस्टिकने मढवलेले एक चपटे वल्हे गाडीच्या फटीत सरकवायचे की झाले. पुढे २००८ साली निरनिराळ्या कंपन्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापले आणि २०१० साली सर्वांसाठी एकच पद्धत ठरवली. तिचे नाव ‘ची’. हा चिनी शब्द. त्याचा अर्थ प्राण, श्वास. लोहाराच्या मुलाने शोधलेल्या गोष्टीला चिनी भाषेतले प्राणाचे नाव मिळावे, हे मला फार आवडते. २०२० साली ॲपलने आपल्या फोनच्या पाठीत चुंबकांचे कडे बसवले, आणि २०२३ साली तीच युक्ती ‘ची’च्या नव्या आवृत्तीने सर्वांना खुली केली. आता फोन जवळ नेला की तो आपणहून नेमक्या जागी चिकटतो. दोन्ही वेटोळी समोरासमोर आली तरच वीज नीट जाते. जरा सरकली की बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते.

ही सारी पुस्तकी विद्या गेल्या वर्षी माझ्या मुलीने माझ्या गाडीत उतरवली. मी काचेवर रबरी टोपीने चिकटणारे आसन आणले होते. ती म्हणाली, “बाबा, काचेवर नको. तुमच्या नजरेच्या आड येईल, आणि उन्हात फोन भाजून निघेल.” तिने ते एसीच्या जाळीशी बसवले. चार्ज होताना फोन तापतो, फार तापला की भरणे मंदावते. गार वारा पाठीवर असला की तो शांत राहतो. फोनच्या पाठीला पूर्वी लावलेली लोखंडी चकती तिने आधी काढून टाकली, कारण ती मध्येच सारा चुंबकीय प्रभाव गिळून स्वतःच तापते. उरली ती चार्जरपासून भोकापर्यंतची तार. ती तिने कडेच्या पट्टीखालून दाबत नेली, पण एअरबॅगच्या झाकणावरून जाऊ दिली नाही. अपघातात ते झाकण उघडते तेव्हा त्याच्या वाटेत येणारी वस्तू गोळीसारखी सुटते.

सगळे झाल्यावर तिने फोन चिकटवला आणि त्यातले निरोपांचे सगळे आवाज बंद केले. “आता हा फक्त रस्ता दाखवणार,” ती म्हणाली. “मग कुणाचा फोन आला तर?” मी विचारले. “तर तुम्ही पोचल्यावर करा. पूर्वी काय करायचात?”

या तिच्या प्रश्नाशीच या इतिहासाचा खरा कस लागतो. चालकाचे चित्त विचलित होण्याची भीती फोनच्या आधीची आहे. १९३० साली पॉल गॅल्विन यांनी मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, तेव्हाच त्याने अपघात होतील म्हणून बंदी घालावी अशी अमेरिकेत ओरड झाली. रेडिओ टिकला, कारण तो उत्तर मागत नाही. फोन उत्तर मागतो. १९६९ साली ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. समोरच्या फटीतून आपली गाडी जाईल की नाही हे चालकांनी ओळखायचे, आणि त्याच वेळी हात न लावता टेलिफोनवर प्रश्नांची उत्तरे द्यायची. हातांचे काम फारसे बिघडले नाही. बिघडला तो अंदाज. १९९७ साली कॅनडातल्या रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने त्यात काही सुधारणा दिसली नाही.

आपल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणे धोकादायक वाहन चालवण्यात गणले गेले. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत फोनला एकच सवलत मिळाली. वाट पाहण्यापुरता तो वापरावा, आणि तोही चालकाची एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने. म्हणजे वाटाड्याला परवानगी आहे, निरोप्याला नाही.

अडचण अशी, की दोघे एकाच देहात राहतात. आसनाने फोन हातातून सुटला, तबकडीने तार सुटली. घाटात पायांत घरंगळण्याची भीती गेली. हे थोडे नव्हे, आणि ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांनी ती जरूर करून घ्यावी. पण हात मोकळे झाले म्हणजे मन मोकळे झाले असे नाही, हे ते दोन्ही प्रयोग सांगतात. ते काम कुठल्याही दुकानात बसवून मिळत नाही.

यंदाच्या दिवाळीतही अनेकजण गाड्या काढून गावाकडे निघतील. मागे फराळाचे डबे, मांडीवर पोरे, समोर तो उजळ पडदा. आजी वाट पाहत असेल आणि “कुठवर आलात?” म्हणून घाटातच फोन करील. तिला उत्तर शेजारी बसलेल्याने द्यावे; कुणी शेजारी नसेल तर तिने थोडी वाट पाहावी. आपल्या पायांपुढची ती फळी बाहेरचा चिखल आत येऊ नये म्हणूनच कुणीतरी पहिल्यांदा ठोकली होती.